नगरी उन्हातला केशरी पट्टा

इंग्रजीत 'ऑरेंज' म्हटलं की काम भागतं. मराठीचं तसं नाही. आपल्याकडे केशरी वेगळा, नारिंगी वेगळा, शेंदरी वेगळा आणि भगवा तर वेगळाच. शिवाय या घोळक्यात जरा मागे उभा राहिलेला, लाजराबुजरा अबोली. साडीच्या दुकानात आईसमोर अबोली धरून 'हा केशरी बघा' म्हणून दाखवा, दुकानदाराची धडगत नाही! २०१६ च्या सुमारास राज्यात महिला चालकांच्या रिक्षांना वेगळा रंग द्यायचं ठरलं, तेव्हा निवडला गेला तोही अबोलीच.

तर या सगळ्या छटा एकाच वाफ्यात, वर्षानुवर्षं टिकतील अशा झाडांवर लावायच्या, आणि त्याही नगरमध्ये! (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. एसटी स्टँडवर मात्र अजून 'नगर, नगर, नगर' अशीच आरोळी ऐकू येते.) मी पुण्यात नोकरी करते आणि वीकेंडला सावेडीतल्या घरी जाते. घरासमोर कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीची एक पट्टी आहे, वीस फूट लांब आणि चार फूट रुंद. बाबांना तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचे होते. "अगं, तुझीच गाडी लागेल नीट," असं कारण. मला तिथे झाडं हवी होती. शेवटी आमच्यात एक सौदा ठरला : एक पूर्ण उन्हाळा. टँकरचं पाणी नाही, नळाचं पिण्याचं पाणी नाही. मे अखेरीस जे हिरवं दिसेल ते राहील, नाहीतर जूनमध्ये पेव्हरवाला येईल.

'हार्डी' म्हणजे नक्की काय?

बागकामाची गुळगुळीत इंग्रजी मासिकं चाळलीत तर केशरी फुलांच्या 'हार्डी पेरेनियल्स'ची यादी हमखास सापडते. जिअम, हेलेनियम, क्रोकॉस्मिया, निफोफिया... फोटो असे की लगेच ऑर्डर द्यावी. पण तिथे 'हार्डी' म्हणजे बर्फ आणि पाला सोसणारं झाड. आपल्याला त्याचा काय उपयोग? नगरची परीक्षा बरोब्बर उलटी आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश, शहराला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. याच जिल्ह्यात अकोल्याकडे, घाटघर-भंडारदऱ्याला पाऊस नुसता कोसळत असतो, पण ढग आमच्यापर्यंत येईतो रिकामे झालेले असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबरच्या पहाटे कुडकुडायला होतं. जमीन काळी असली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात नुसता चिखल. काळी नसली तर खाली थेट मुरूम.

म्हणून माझ्यापुरती मी व्याख्या बदलली. जे झाड मे महिन्यात दोन आठवडे दुर्लक्ष सोसून जूनच्या पहिल्या सरीला पुन्हा उठतं, ते काटक. उन्हाळ्यात हिरवंगार दिसलंच पाहिजे असा हट्ट नाही. जमिनीखाली गड्डा शाबूत असला की झालं.

नगरात बाग करणं हा वेडेपणा नाही, याचे पुरावे शहरात जागोजागी आहेत. सोळाव्या शतकात निजामशाहीने इथे फराहबाग उभारली, तलावाच्या मधोमध महाल आणि भोवती बाग. आसपासच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं होतं. दुसरा पुरावा भुईकोट किल्ल्यातला. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेते इथे आणून डांबले गेले. १९४४ मध्ये नेहरूंनी इथेच 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण त्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात, लेखणी नीट हातात घेण्याआधी ते फुलांचे वाफे खणत बसल्याचं सांगतात, हे फारसं कुणी सांगत नाही. तासन् तास, भर उन्हात. जमीन कशी होती? दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या डबराने भरलेली. माझी पट्टी खणताना विटांचे तुकडे, टाइल्सचे कपचे आणि सिमेंटच्या अर्ध्या गोणीचा झालेला दगड निघाला, तेव्हा म्हटलं चला, निदान कंपनी तरी भारी आहे!

आधी माती, मग शॉपिंग

नर्सरीत जाऊन डिकी भरून आणायचा मोह होतो. थांबा. माझे पहिले दोन वीकेंड नुसत्या खणण्यात गेले. दीड फूट खोल खणून राडारोडा बाहेर, मग त्याच मातीत शेणखत, थोडा मुरूम आणि वाळू. पट्टी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच केली, म्हणजे पावसात मुळांशी पाणी तुंबत नाही. वरून आच्छादन म्हणून उसाचं पाचट. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहण्याचा हा एक छुपा फायदा! (राज्यातल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला यशस्वी प्रयोग प्रवरानगरचाच.) तोडणी संपली की शेतकरी पाचट पेटवून देतात, त्याऐवजी दोन पोती मागून आणा, आनंदाने देतील. चार इंच पाचटाखाली माती किती वेळ ओली राहते ते स्वतः बोट घालून बघा.

भिंत पट्टीच्या पश्चिमेला आहे. म्हणजे सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारी तीननंतर भिंतीची सावली. नगरच्या उन्हात ही लॉटरीच. तुमची भिंत पूर्वेला असेल आणि दुपारचं ऊन थेट अंगावर येत असेल तर पुढच्या यादीतून अबोली काढूनच टाका.

कर्दळ : मोरीवरची महाराणी

या पट्ट्याची खरी हिरोईन कर्दळ. आपल्याकडे तिला कधी भावच मिळाला नाही. जुन्या वाड्यांमध्ये मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे अळू, केळ आणि कर्दळ ठरलेली. सांडपाणी मुरवायचं काम तिचं आणि कौतुक गुलाबाचं! आज घरगुती सांडपाणी शुद्ध करण्यासाठी जे झाडांचे वाफे बांधतात त्यांतही कर्दळच मोठ्या प्रमाणावर लावली जाते. तिची मुळं ते पाणी पचवतात. आजीच्या पिढीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं.

गंमत म्हणजे तिकडे विलायतेत हीच कर्दळ फॅशनेबल. इंग्लंडमधल्या ग्रेट डिक्स्टर या नामांकित बागेत ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९० च्या दशकात जुनी गुलाबाची बाग उपटून काढली आणि तिथे कर्दळ, डेलिया अशी भडक मंडळी लावली. तो गुलाबाचा बगीचा आखला होता दिल्लीवाल्या लट्येन्स साहेबांनी. किती गहजब झाला असेल, कल्पना करा!

कर्दळ मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिच्या ज्या पाकळ्या म्हणून आपण बघतो त्या पाकळ्या नसतातच, ते पसरट झालेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या खाली, अरुंद आणि बिनमहत्त्वाच्या. बी इतकं टणक की लावण्याआधी कानशीने घासावं लागतं. पण बियांच्या भानगडीत पडूच नका. शेजाऱ्यांकडून गड्डा मागा, दोन-तीन डोळे असलेला तुकडा तोडा आणि जूनमध्ये चार इंच खोल लावा. दोन गड्ड्यांमध्ये दीड-दोन फूट अंतर. मी भिंतीलगत दोन जाती लावल्यात. एक तांबूस पानांची आणि केशरी फुलांची, दुसरी पिवळ्या रेघांच्या पानांची, जिला नर्सरीवाले 'बंगाल टायगर' म्हणतात. सकाळी साडेसातला ऊन मागून आलं की ती रेघांची पानं अक्षरशः पेटतात. फुलं आलीच नाहीत तरी चालेल, असं वाटावं इतकी.

फुलं संपलेला दांडा जमिनीलगत कापायचा, नवीन फुटवा येतो. पानांची गुंडाळी करून आत राहणारी अळी पावसाळ्यात त्रास देते. गुंडाळी उलगडून अळी काढली की फवारणीची गरज पडत नाही. मात्र पानांवर फिकट पिवळे चट्टे-रेघोट्या उमटल्या आणि झाड खुरटलं तर तो विषाणू असतो. तो गड्डा खणून टाकून द्या, कुणाला भेट देऊ नका!

अबोली आणि इतर

अबोलीचं नावच किती समर्पक! रंग भरपूर, वास शून्य. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं माहेर, त्यामुळे गोवा-कोकणात ती लाडात वाढते. नगरच्या कोरड्या वाऱ्यात तिला थोडा आडोसा लागतो. पट्टीच्या एका टोकाला शेजारच्या कडुनिंबाची सावली येते, तिथे मी नऊ रोपं लावली. नर्सरीत 'दिल्ली अबोली' मागितलीत तर मोठ्या फुलांची, गडद नारिंगी जात मिळते. तिला बी धरत नाही, फांदीच्या छाटापासूनच रोपं होतात. साध्या अबोलीच्या सुक्या शेंगेवर मात्र पाण्याचा थेंब टाका आणि मागे सरका. टच्चकन फुटते आणि बिया उडतात. लहान मुलांना दाखवायला बेस्ट! अबोलीला मुळांवरच्या सूत्रकृमींचा त्रास होतो, म्हणून तिच्या शेजारी झेंडू असलेला बरा.

झेंडूचं नाव काढलंच आहे तर सांगते, प्रत्येक पाहुणा विचारतो, "केशरीच हवं होतं तर झेंडू का नाही लावला?" कारण झेंडू दसऱ्याला बहरतो आणि काही महिन्यांत आटोपतो. तो बिचारा हंगामी कर्मचारी, मला हवे होते पर्मनंट.

मधल्या रांगेत हळदीकुंकू. लाल-केशरी पाकळ्या, मध्ये पिवळा तुरा, नाव कुणी ठेवलं त्याला सलाम. याच्यावर प्लेन टायगर फुलपाखरं अंडी घालतात, मग पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या पानं फस्त करतात. करू द्या. झाड पुन्हा फुटतं आणि आठवड्याभरात केशरी फुलपाखरं केशरी फुलांवर. मॅचिंग म्हणतात ते हे! फक्त पानं तोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. छाटणी करताना हातमोजे घाला.

दोन टोकांना केप हनीसकल आणि हॅमेलिया. दोन्ही झुडपं, दोन्ही कात्रीला जुमानणारी, दोन्हींच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात. पहिल्या वर्षी पाणी दिलं की पुढे ती फारसं काही मागत नाहीत. पुढच्या रांगेत डे लिली. एक फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्यावर रांगेने कळ्या असतात. एक धोक्याची सूचना : घरात मांजर असेल तर लिली नको. डे लिलीने मांजराची किडनी निकामी होऊ शकते. तसंच कळलावी, म्हणजे अग्निशिखा. पिवळ्यातून केशरी आणि केशरीतून लाल होत जाणाऱ्या तिच्या ज्वाळा बघून जीव जातो, आणि तिचा कंद खाल्ला तर खरोखरच जातो. उन्हाळाभर जमिनीखाली झोपून पावसात उठणारी ही वेल नगरच्या हवेला फिट्ट आहे. पण आमच्याकडे भाचा रांगतोय, त्यामुळे तिचा नंबर अजून लागलेला नाही.

घाणेरी मात्र चुकूनही नको. फुलं केशरी असतात, कमी पाण्यावर येते, सगळं खरं. पण पक्षी तिची फळं खाऊन बिया डोंगरभर पसरवतात. आपल्या टेकड्यांवर तिने आधीच काय धुमाकूळ घातलाय ते ट्रेकला गेलात की दिसतंच. केशरी कॉसमॉसच्या बियाही सेल्फी पॉइंट व्हावा म्हणून घाटात उधळू नका, प्लीज.

अकोळनेरचे धडे

नगर तालुक्यातलं अकोळनेर हे फुलांच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं गाव. झेंडू, शेवंती, अॅस्टर... दसरा-दिवाळीच्या आधी त्या बाजूला चक्कर मारा. बागकामाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त काही तिथल्या बांधावर समजतं. उदाहरणार्थ, शेवंती. आपण कुंडीतली शेवंती फुलं संपली की फेकून देतो. शेतकरी झाड कापतात आणि बुंध्याशी फुटणाऱ्या काश्या जपतात, पुढच्या लागवडीसाठी. म्हणजे शेवंतीही बहुवर्षायूच, आपल्यालाच धीर नसतो.

शेवंतीची एक अट आहे. तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते, म्हणून ती हिवाळ्याच्या तोंडावर फुलते. रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा झोत अंगावर पडत असेल तर तिला रात्र झाल्याचं कळतच नाही आणि फुलं लांबतात. शहरात 'माझी शेवंती फुलतच नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा वर बघावं, दिवा कुठे आहे! मी तिला भिंतीच्या आडोशाला, दिव्याच्या उलट्या बाजूला लावलं. गॅलार्डियाही तिच्याच शेजारी. हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येणारं हे फूल आपल्याकडे हारांत भरपूर दिसतं. त्याचा हंगामी प्रकार बियांवर स्वतःच पुन्हा उगवतो, म्हणून त्यालाही पर्मनंटमध्ये धरलंय.

बादल्यांचा हिशेब

आता सौद्यातली मुख्य अट, पाणी. आमच्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ही काय चीज असते ते अख्ख्या देशाला दाखवलं. पाऊस मोजायचा, गावात किती पाणी आहे ते बघायचं आणि मग पिकं ठरवायची. म्हटलं, गाव करू शकतं तर वीस फुटांची पट्टी का नाही?

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. माझी पट्टी ८० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर वर्षाला चार हजार लिटर पाणी आभाळातूनच पट्टीवर पडतं. पण ते जून ते ऑक्टोबर. कडक उन्हाळ्यात, पाचटाचं आच्छादन धरून, रोजचे पस्तीस-चाळीस लिटर लागतात असा माझा अंदाज निघाला. दोन बादल्या! तेवढ्या आमच्या घरातून रोज गटारात जातच होत्या.

एक बादली तांदूळ-भाजी धुतल्याची. ती अबोली, डे लिली आणि शेवंतीला. दुसरी आरओ मशीनच्या वाया जाणाऱ्या पाण्याची आणि हात धुण्याच्या बेसिनची. ती कर्दळीला आणि टोकाच्या झुडपांना. आरओच्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात आणि नगरच्या बोअरचं पाणी मुळातच जड, त्यामुळे हे पाणी नाजूक झाडांना देऊ नका. पावसाळ्यात हे क्षार धुऊन जातात, म्हणून पट्टी उंच असणं पुन्हा उपयोगी. आठवडाभर बादल्या ओतायचं काम आईकडे. "तू लावून जातेस आणि पाणी मी घालते," असं ती म्हणते खरी, पण फोनवर पहिली बातमी कुठल्या झाडाला काय आलं याचीच असते.

३१ मेला बाबा स्वतः मोजायला उतरले, हातात चष्मा घेऊन. कर्दळीची पानं कडांनी करपलेली, पण खाली नऊ नवे कोंब. हळदीकुंकू फुलांवर. हॅमेलिया आणि केप हनीसकल ठणठणीत. अबोलीच्या नऊपैकी सात शिल्लक. डे लिलीची पानं पार वाळलेली, ती बाबांनी 'मेली' या कॉलममध्ये टाकली. मी बोटाने माती उकरून पांढरी, टणक मुळं दाखवली. त्यावर जरा वादावादी झाली. शेवटी पेव्हर आले, पण पट्टीवर नाही. गाडीच्या दोन चाकांपुरत्या दोन ओळी फाटकापासून टाकल्या, मध्ये माती तशीच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि डे लिली उठली. बाबांनी मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही.

ऑफिसवाल्यांसाठी

एक गोष्ट नर्सरीवाले सांगत नाहीत. केशरी हा सकाळचा रंग आहे. भर दुपारी तो उन्हात फिका पडतो आणि संध्याकाळी उजेड उतरला की आपल्या डोळ्यांना लाल-केशरी रंग आधी काळपट दिसू लागतात, निळे-पांढरे नंतरपर्यंत टिकतात. तुम्ही आठ वाजता घरी येणार असाल तर तुमचा केशरी वाफा तुम्हाला दिसणारच नाही! उपाय दोन. पोर्चमध्ये पांढऱ्याफटक एलईडीऐवजी पिवळसर प्रकाशाचा दिवा लावा, केशरी लगेच जिवंत होतो. फक्त शेवंतीवर त्याचा झोत नको. आणि मधूनमधून निशिगंधाचे चार कंद खोचा. रात्री तो पांढरा दिसतो आणि वासही तोच देतो, अबोलीकडून ती अपेक्षा करू नका.

केशरीला उठाव द्यायचा तर शेजारी जांभळा हवा. पायाशी पर्पल हार्टच्या चार काड्या टोचल्या तरी पुरे, तीही फुकटात मिळते. बाल्कनीवाल्यांनी हिरमुसू नये. वीस लिटरच्या रंगाच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात एक कर्दळ, कडेने तीन अबोली, एवढं आरामात मावतं. कर्दळ मात्र बुटकी मागा, नाहीतर वाऱ्याने डब्यासकट आडवी होईल.

लागवडीसाठी पहिला चांगला पाऊस झाल्यावरचे दोन-तीन आठवडे उत्तम. दर दोन-तीन वर्षांनी कर्दळ आणि डे लिलीचे गड्डे दाटतात, तेव्हा ते खणून विभागावे लागतात, नाहीतर फुलं कमी होतात. आमचे येत्या जूनमध्ये निघतील. दोन गड्डे समोरच्या काकूंनी आत्ताच बुक केलेत, एक ऑफिसमधल्या मैत्रिणीने, आणि बाबांनी म्हणे त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये परस्पर पाच जणांना कबूल केलेत.